स्किपचं बटण

ऑफिसात त्याला सगळे पोथी म्हणत. बाकीची मंडळी आपली टिपणं स्क्रीनवर ठेवत, हा मात्र जाडजूड वही काखोटीला मारून फिरे आणि पेन्सिलीने तिच्यात संवाद लिही. वय पंचेचाळीस, केस निम्मे, चष्मे दोन. गेम बनवणाऱ्या कंपनीत संवाद लिहायला पगारी माणूस ठेवतात, हे त्याच्या आईला अजून पटलेलं नव्हतं. "मारामारीत बोलायचं काय असतं रे?" असं ती दर महिन्याला फोनवर विचारी, आणि हा दर महिन्याला तिला नव्याने समजावून सांगे.

आईचा प्रश्न तसा अगदीच अस्थानी नव्हता. गेम होता एका नकाशे काढणाऱ्या माणसाचा. बारा वर्षं दलदली आणि डोंगर तुडवून तो आपल्या गावी परत येतो. गावाच्या धक्क्यावर एक बाई नावा दुरुस्त करत असते. तिलाच सोडून तो नावेतून निघून गेलेला असतो. परत आल्यावर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलते. मग खेळाडूने लुटारूंशी लढून, पडक्या पुलांवरून जाऊन तिच्यासाठी दोर आणायचा, खिळे आणायचे, डांबराचे डबे आणायचे. प्रत्येक वस्तूबरोबर स्क्रीनच्या कोपऱ्यातली मायेची पट्टी थोडी थोडी भरत जाते, आणि ती पूर्ण भरली की धक्क्यावर दोघांच्या भेटीचा प्रसंग सुरू होतो. ती बाई मन मोकळं करते. अडीच मिनिटं.

हा प्रसंग म्हणजे पोथीचा जीव की प्राण, आणि तो कोणी पाहत नव्हतं.

"चाळीस जणांकडून खेळून घेतलं," ताई म्हणाल्या. त्या कंपनीच्या प्रमुख. वयाने पोथीपेक्षा लहान, पण ऑफिसात ताईच. "चौतीस जणांनी स्किप दाबून तो प्रसंग ओलांडला. सरासरी चार सेकंद ऐकतात. तिचं पहिलं वाक्य तरी पूर्ण होतं का चार सेकंदांत?"

"नाही होत," पोथी म्हणाला. पहिलं वाक्य सात सेकंदांचं होतं.

"मग नमनालाच घडाभर तेल कशाला? पुढच्या शुक्रवारी परत चाचणी आहे. निम्म्या लोकांनी प्रसंग शेवटपर्यंत पाहिला तर राहील. नाहीतर काढू. ती बाई दोर विकत घेईल, खिळे विकत घेईल, बस्स."

प्रसंग काढणं पोथीला परवडणारं नव्हतं. प्रसंग सुंदर होता म्हणून नव्हे. त्यामागे दुसरंच कारण होतं, आणि ते ऑफिसात कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्या नावा दुरुस्त करणाऱ्या बाईला आवाज होता पोथीच्या बायकोचा. बायको डबिंग करायची. चौदा वर्षांचा संसार. सात महिन्यांपूर्वी ती एक बॅग घेऊन आपल्या बहिणीकडे राहायला गेली होती. भांडण नाही, आदळआपट नाही. गेमचं काम आधीच ठरलेलं होतं म्हणून ती ते करत होती, आणि स्टुडिओत दोघं एकमेकांशी बँकेच्या खिडकीवर बोलावं तसं बोलत.

ती जाण्याच्या दोन आठवडे आधीची गोष्ट. संध्याकाळी पोथी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत बसला होता. डोक्यावरची ट्यूब फडफडत होती. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी विचार करत होते, की—"

"कळलं, कळलं. ट्यूब ना? उद्या आणतो."

ती जरा वेळ उभी राहिली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी पोथीने ट्यूब आणली, स्वतः स्टुलावर चढून बसवली. ती घरातून गेल्यावर मेहुणीला फोन करकरून तो हेच सांगत होता, की ट्यूब तर मी आणली होती. मेहुणी भली बाई. ती म्हणे, "हो हो, छान उजेड पडत असेल आता."

बरेच दिवस गेल्यावर, एकट्याचं ताट वाढून घेताना, त्याच्या लक्षात आलं, की ते वाक्य ट्यूबचं नव्हतं. मग कशाचं होतं? हे काही केल्या त्याच्या डोक्यातून जाईना. विचारायची हिंमत नव्हती. लिहायची होती. म्हणून त्याने नकाशेवाल्याच्या गेममध्ये भेटीचा प्रसंग घातला आणि त्या बाईच्या तोंडी ते वाक्य पूर्ण करायला बसला. वहीत एक्केचाळीस वेळा ते वाक्य पूर्ण झालेलं होतं. कधी ती म्हणे, की मी कंटाळले. कधी म्हणे, की तू मला विसरलास. कधी म्हणे, की मी अजून वाट पाहते. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, फक्त याचं भांडं अडीच मिनिटं लांबीचं होतं.

सोमवारी प्रसंग पुन्हा ध्वनिमुद्रित करायचं ठरलं. पोथीने रविवारभर बसून तो आणखी सुंदर केला, म्हणजे आणखी लांब केला.

गेमचे संवाद नाटकासारखे सलग बोलले जात नाहीत. प्रत्येक वाक्याची सुटी फाइल असते, तक्त्यात तिचा क्रमांक असतो, प्रत्येक वाक्य तीनदा बोलायचं. समोर माणूस असला की वाक्याला टेकू मिळतो, म्हणून नायकाची वाक्यं वाचायला पोथी काचेच्या खोलीत तिच्यासमोर स्टुलावर बसे. बाहेर यंत्रांशी ध्वनिमुद्रक.

ती आली, गरम पाण्याचा थर्मास बाजूला ठेवला आणि काचेबाहेर बघून म्हणाली, "दर दहा वाक्यांनंतर पाच मिनिटं थांबायचं हं. मला—"

"कळलं, सर्दी आहे," पोथी म्हणाला. "थांबू या."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तक्ता उघडला. काम सुरू झालं. ती चांगलंच बोलत होती. पोथीने लिहिलेली फुलाफुलांची वाक्यंसुद्धा तिच्या आवाजात खरी वाटत होती. वीस वाक्यं झाली तेव्हा ध्वनिमुद्रकाने दार उघडलं.

"पोथी, जरा बाहेर या. हे बघा."

स्क्रीनवर दोन आवाजांच्या लाटा उमटल्या होत्या. तिची हिरवी, त्याची नारिंगी. ध्वनिमुद्रकाने पेन्सिलीचं टोक एकेका जागेवर ठेवत नेलं. "तिचा शेवटचा शब्द इथे संपतो. तुमचा पहिला शब्द इथे सुरू होतो. त्याच्या अलीकडेच. तुमचा आवाज तिच्या माइकमध्ये जातो, मला वाक्य कापता येत नाही."

"एखाद्या ठिकाणी झालं असेल."

"वीसपैकी सतरा ठिकाणी."

पोथी वाकून पाहू लागला. चष्मा बदलून पाहिलं. हिरव्या लाटेचं शेपूट जिथे निमुळतं होत होतं तिथे प्रत्येक वेळी नारिंगी डोकं घुसलेलं होतं. वाक्यं त्याची स्वतःची होती, ती कुठे संपतात हे त्याला तोंडपाठ होतं, तरी संपेपर्यंत त्याला धीर धरवत नव्हता.

ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. "चौदा वर्षं मी सांगतेय," ती ध्वनिमुद्रकाला म्हणाली. "तुला दोन तासांत दिसलं." हे ती रागाने बोलली असती तर पोथीला उत्तर सुचलं असतं. ती सहज बोलली, कपात गरम पाणी ओतता ओतता, आणि त्याला ते फार लागलं.

ध्वनिमुद्रक शहाणा होता. त्याला एकदम चहाची आठवण झाली आणि तो बाहेर गेला.

"आणि आणखी एक," ती म्हणाली. "ही बाई नावा दुरुस्त करते. तिला आपल्या घरातलं काही माहीत नाही. मला काही विचारायचं असेल तर मला विचार, तिच्या तोंडून माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. लाज वाटते रे मला, हे असलं बोलताना."

म्हणजे तिने ओळखलं होतं. पहिल्या दिवसापासून ओळखलं असणार. पोथीने तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच त्याला ते उघडलेलं जाणवलं. त्याने ते मिटलं.

"तुझ्या त्या नायकाला दर वेळी बोलायला तीन तीन वाक्यं मिळतात, त्यातलं आवडेल ते निवडायचं," ती पुढे म्हणाली. "तिला काय मिळतं? दहा खिळे आणले की माया, वीस आणले की जास्त माया. मग लोहाराशीच संसार करावा की तिने."

एवढं बोलून ती गेली. उरलेली वाक्यं राहिली.

पोथी दोन दिवस वहीला शिवला नाही. ऑफिसातला टेस्टर पोरगेल्या वयाचा होता, दिवसभर गेम खेळून त्यातल्या चुका शोधायचा. दोन्ही अंगठे बटणांवर असे चालत की त्याला नावच अंगठा पडलं होतं. पोथी त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसला.

"तू स्किप का दाबतोस रे?"

"काका, खरं सांगू? तिला काय बोलायचंय ते आधीच माहीत असतं."

"काय बोलायचंय तिला?"

अंगठा थांबला. "तेच. प्रेमाबिमाचं." मग थोडा खजील झाला. "म्हणजे, नक्की नाही माहीत. पण पट्टी भरली, म्हणजे काम झालं ना आपलं. ती आता हो म्हणणार. मग ऐकायचं काय?"

पोथीला हसू आलं, आणि रडूही आलं. बारा वर्षांची नकाशेवाल्याची भटकंती त्याला लिहायला जमली होती. लुटारूंच्या टोळीतल्या शेवटच्या माणसालासुद्धा त्याने मरताना बोलायला एक वाक्य दिलं होतं. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती पट्टी भरली की हो म्हणणारी. पोरं ऐकत नव्हती यात पोरांचं काय चुकलं? लिहिणाऱ्यानेच तिचं ऐकलं नव्हतं.

बुधवारी तो ताईंसमोर बसला आणि म्हणाला, "अडीच मिनिटांचं सगळं काढतो. चारच वाक्यं ठेवतो. पण मधे ती थांबेल. चांगली लांब थांबेल. आणि त्या प्रसंगात नायकाला तीन वाक्यांचा पर्याय द्यायचा नाही."

"आणि स्किप? बटण काढलंत तर खेळाडू चिडतील. बळजबरीने कोणाला प्रेम ऐकवता येत नाही."

"बटण राहू दे. फक्त ते दाबलं की नायक म्हणेल, 'कळलं, कळलं.' मग ती म्हणेल, 'बरं.' आणि कामाला लागेल."

"आणि मग?"

"मग काही नाही. गेम पुढे चालू. गुण कमी नाहीत, पट्टी भरलेलीच. ती दोर घेईल, खिळे घेईल, नीट बोलेल. पण ते राहिलेलं परत सांगणार नाही."

अंगठा दारात उभा राहून ऐकत होता. "काका, दाबायचं काहीच नसेल तर तो गेम कसला?" तो म्हणाला. ताई मात्र पेनाचं टोपण चावू लागल्या. कोणाची तरी त्यांना आठवण झाली असावी. "शुक्रवारपर्यंत करा," त्या म्हणाल्या.

गुरुवारी बायको आली. तक्त्यात चार ओळी होत्या आणि चौथी कोरी होती.

"हे लिहायचं राहिलं का?"

"नाही. मला माहीत नाही ती काय म्हणेल. तुझ्या आवाजात आठ महिने जगतेय ती. तुला माहीत असेल."

"म्हणजे तुझं काम मी करू?"

"हो," पोथी म्हणाला. "आणि त्या ओळीला लेखक म्हणून नाव तुझं घालतील. ताईंना विचारलंय."

तिने ओठ दाबले. हसू दाबायची तिची जुनी पद्धत. काचेच्या खोलीत दोघं समोरासमोर बसली, बाहेर ध्वनिमुद्रकाने बोट वर केलं, आणि पोथीने नायकाचं वाक्य वाचलं.

"मी परत आलोय."

"दिसतंय," ती म्हणाली. मग, "नाव चांगली ठेवलीस." मग, "तू गेलास त्या सकाळी—"

आणि ती थांबली.

पोथीच्या डोळ्यासमोर एक्केचाळीस वाक्यं रांगेत उभी राहिली. प्रत्येक वाक्य म्हणत होतं, मला घे. त्याने पेन्सिल दातांत धरली. तिची नजर कुठेतरी त्याच्या खांद्यापलीकडे होती. तिचा श्वास ऐकू येत होता. हा एवढा वेळ माणसाने थांबायचं असतं? पेन्सिलीचं लाकूड जिभेला कडू लागलं.

"तू गेलास त्या सकाळी मी काहीतरी सांगायला धक्क्यावर आले होते," ती म्हणाली. "तू दोर सोडलेला होतास."

बस्स, एवढंच. ध्वनिमुद्रकाने आकडा पाहिला आणि सांगितला. मधला थांबा अकरा सेकंदांचा होता. त्याने दुसरा टेक मागितला नाही.

शुक्रवारी चाळीस खेळाडू ओळीने बसले. ताईंनी बायकोलाही बोलावलं होतं. ती मागे भिंतीला टेकून उभी राहिली, पोथी दुसऱ्या भिंतीला. एकेक जण धक्क्यावर पोहोचू लागला. पहिल्याच मुलीने बटण दाबलं. "कळलं, कळलं," नायक म्हणाला. "बरं," ती बाई म्हणाली आणि डांबराचा कुंचला उचलला. मुलगी स्क्रीनकडे बघत राहिली. मग नायकाला त्या बाईभोवती गोल गोल फिरवू लागली, एकामागून एक सगळी बटणं दाबू लागली. बाई प्रत्येक वेळी विचारत होती, "दोर आहे का? खिळे आहेत का?" अगदी नीट, अदबीने विचारत होती. मुलीने हेडफोन काढून शेजाऱ्याला विचारलं, "तुझ्याकडे काय म्हणाली रे ती?" शेजारी हात वर करून गप्प बस म्हणाला. त्याच्या स्क्रीनवर ती बाई थांबलेली होती.

सोळा जणांनी दाबलं. चोवीस जण थांबले. दाबलेल्यांपैकी पाच जणांनी आपण होऊन गेममध्ये दोन तास मागे जाऊन पुन्हा खेळायला सुरुवात केली.

"राहू दे प्रसंग," ताई म्हणाल्या आणि आपल्या खोलीत निघून गेल्या.

"मीपण आधी दाबलंच होतं काका," अंगठा हळूच म्हणाला. "पण ती काय सांगायला आली होती, ते नाहीच ना सांगितलंत तुम्ही."

"मला माहीत नाही," पोथी म्हणाला. पोराला ती थाप वाटली.

दुपारी तीनच्या सुमाराला तो जिन्याने खाली उतरला. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, तळाशी सायकलवाल्याचं दुकान. मधल्या वळणावर बायको उभी होती, थर्मास खांद्याला, जिन्याच्या खिडकीतून खाली पाहत. त्याला येताना पाहून ती वळली. अभिनंदन वगैरे काही म्हणाली नाही. पोथीच्या जिभेवर चोवीस आणि सोळा हे आकडे आले होते. ते त्याने गिळले.

"मी विचार करत होते," ती म्हणाली, "की—"

तेच शब्द, त्याच क्रमाने, आणि थांबली तीही त्याच जागी. पोथीला वाटलं, आता ती कागदपत्रांचं म्हणणार, वेगळं व्हायचं. मग वाटलं, नाही, घरी येते म्हणणार. दोन्हींना द्यायला त्याच्याकडे उत्तरं तयार होती, चांगली, घासूनपुसून ठेवलेली. खाली सायकलवाला कोणाच्या तरी चाकात हवा भरत होता. पंप खाली जाई, वर येई. पोथीने दोन्ही हातांनी वही छातीशी धरली. अकरा सेकंद केव्हाच होऊन गेले असतील.

"की उद्या माझ्याबरोबर येशील का," ती म्हणाली. "एवढंच म्हणणार होते त्या दिवशी. घशाची तपासणी होती. डॉक्टर म्हणाले होते, गाठ असू शकेल, कदाचित आवाज जाईल. मला एकटीला भीती वाटत होती."

पोथी दोन पायऱ्या उतरून तिच्याजवळ आला.

"एकटीच गेले. काही निघालं नाही, सूज होती. दहा वाक्यांनंतर थांबायचं, एवढंच." तिने थर्मासचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "घरी आले तर तू स्टुलावर चढून ट्यूब बसवत होतास. वरून मला म्हणालास, बघ, आणली की नाही."

त्याला ते आठवलं. तिच्या हातात एक मोठं पाकीट होतं, तेही आठवलं. ते बाजूला ठेव आणि मला स्टूल धर, असं तो तिला म्हणाला होता, आणि तिने धरलंही होतं. आता माफी मागावी, की डॉक्टरांचं नाव विचारावं, की नुसतं तिचं नाव घ्यावं, त्याला काही कळेना. त्याचे डोळे भरून आले आणि तोंड उघडलं.

"अजून आहे," ती म्हणाली.

पोथीने तोंड मिटलं. वही पायरीवर ठेवली आणि वहीशेजारी बसला. ती थोडा वेळ उभीच राहिली. मग थर्मास खाली ठेवून एक पायरी सोडून बसली आणि सांगू लागली.